डाव्या हाताची सही

दुसऱ्याची सही मारणं हा आमच्या कचेरीत गुन्हा नव्हता, शेजारधर्म होता. कोणाला बायको आणायला सासरी जायचं असलं, कोणाचं धान बांधीत, म्हणजे खाचरात, पडलेलं असलं, की हजेरीबुकात त्याची सही दुसरा मारी. 'माही मारून ठेव बे' एवढं दारातूनच सांगितलं की झालं. मी दुसऱ्यांची मारली, दुसऱ्यांनी माझी मारली. हे मी बचाव म्हणून सांगत नाही. बचाव करायचं वय गेलं, आणि ज्याच्यापुढे करायचा तो माणूस आता असेल असंही वाटत नाही. पण ही सवय माहीत नसली तर पुढचं कळायचं नाही.

मी तेव्हा चांदा जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत कारकून होतो. गडचिरोली जिल्हा वेगळा व्हायचा होता. अहेरी, सिरोंचा, सगळं चांद्यातच. माझं वय चोवीस-पंचवीस, मिशी नुकती जमलेली आणि अक्कल यायची बाकी. आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला आणि पाठोपाठ देशाची दुसरी मोठी निवडणूक आली. मला टपाली मतांचं टेबल मिळालं.

काम तसं साधं. जी माणसं निवडणुकीच्या ड्यूटीवर परगावी जाणार, त्यांना आपल्या गावी मत टाकता येत नाही. त्यांनी आधी सही करून अर्ज द्यायचा, मग त्यांना मतपत्रिका मिळायची. मत लहान पाकिटात बंद करायचं, सोबत एक घोषणापत्र भरायचं. त्यावर मतदाराची सही, आणि ती आपल्यासमोर झाली म्हणून मतदान केंद्राच्या अध्यक्षाची सही. दोन्ही मोठ्या पाकिटात घालून कचेरीत परत पाठवायचं.

अर्ज गोळा करायला मला अहेरीच्या पुढे, जंगलातल्या एका लाकूड डेपोवर पाठवलं. तिथले पाच चौकीदार मतपेट्यांच्या राखणीसाठी ड्यूटीवर घेतले होते. बैलगाडीत बसून माझी हाडं खिळखिळी झाली. पोचलो तर चारच हजर. पाचवा कूपात, म्हणजे जिथे झाडतोड चालते तिथे, आत गेलेला. डेपोचा मुन्शी म्हणाला, "तीन दिवसांनी येईल. थांबा न बाबूजी, कोंबडा कापतो. लय इमानी माणूस हाय तो. नौकरीत कच्चा हाय सात सालापासून, आता पक्क्याचा कागद वर गेला त्याचा. जंगलखात्याच्या सायबाची सही झाली का झालाच पक्का."

मला कोण पक्का आणि कोण कच्चा याच्याशी काय करायचं होतं? दुसऱ्या दिवशी अहेरीचा बाजार होता. बाजारात मित्र भेटणार होते, जेवणाचा बेत होता. अर्ज पोचवायची मुदतही जवळ आलेली. चौघांचे अर्ज झाले, एकाची सही, तिघांचे अंगठे. पाचवा अर्ज मी मांडीवर घेतला आणि बैलगाडीच्या दांडीला टेकून त्याच्या नावाने सही मारली.

ती कशी मारली तेही सांगतो, कारण खरी लाज तिथूनच सुरू होते. माझं अक्षर वळणदार होतं, कचेरीत वाखाणलेलं. म्हटलं, जंगलातल्या चौकीदाराची सही अशी कशी असेल? म्हणून टाक डाव्या हातात धरला आणि वेडीवाकडी, थरथरती, एक अक्षर वर नि एक खाली अशी सही काढली. काढून झाल्यावर मुन्शीला दाखवली. तो हसला. मीही हसलो. त्या माणसाला मी अजून पाहिलंही नव्हतं.

पाहिला तो दहाबारा दिवसांनी. ड्यूटीचा हुकूम आणि मतपत्रिकेचं पाकीट घ्यायला तो कचेरीत आला. चाळिशीचा, काटक, गोंड माणूस, कानात बारीक बाळ्या, खाकी कोट धुऊन आलेला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा असेल, तरी मी त्याला तू म्हणालो. कचेरीतला बाबू जंगलातल्या माणसाला तूच म्हणे.

"बाबूजी, माहा अर्ज राह्यला होता न?"

"झाला. मीच भरला. तुही सहीपण मारली."

तो म्हणाला, "मले येते सही, बाबूजी."

"येत असंल. पण तू बसला कूपात. तुह्या सहीसाठी मी का वाघाच्या तोंडी जाऊ?"

तो हसला. मग पाकीट हातात फिरवत म्हणाला, "मागच्या खेपेले यादीत नावच नव्हतं माहं. या पाकिटातली सही तरी म्याच करीन न?"

"हाव, ते तूच कर," मी म्हणालो. आणि वर अगदी मास्तरासारखं समजावूनही सांगितलं, कोणतं पाकीट कशात घालायचं, सही कुठे, साक्ष कुठे. उपकार केल्याच्या सुरात. तो नीट ऐकून, पाकीट कोटाच्या आतल्या खिशात घालून गेला.

मतदान झालं. मोजणीच्या दिवशी सकाळी आधी टपाली पाकिटं घ्यायची होती. आमचे साहेब पुण्याकडचे, बदलून आलेले, काटेकोर माणूस. घोषणापत्रावर सही आणि साक्ष असली तर पाकीट मंजूर, एवढाच आजवरचा रिवाज. साहेबांनी आणखी एक काम लावलं. म्हणाले, "अर्जावरची सही आणि घोषणापत्रावरची सही ताडून पाहा. आपल्याकडे कोण कोणाच्या नावानं काय करतं, मला ऐकू आलंय." आणि हे ताडायचं काम कोणाला? तर मला. कारण वर्षभरापूर्वी एका दाखल्यावरची खोटी सही मी पकडली होती, आणि तेव्हापासून कचेरीत माझी नजर घारीची म्हणून बोलबाला होता. ज्याने सगळ्यात जास्त सह्या मारल्या, त्यालाच सह्या ओळखता येणार, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

समोर बाकावर उमेदवारांची माणसं बसलेली. मला तर चेवच चढला. शेजारचा कारकून अर्ज उलगडून ठेवी, मी घोषणापत्र शेजारी लावी, एक नजर इकडे, एक नजर तिकडे, की "मिळते". जिथे अंगठे होते तिथे साक्ष पाहायची आणि पुढे. पंधरावीस पाकिटं अशी झाली. बाकावरचा एकजण म्हणालासुद्धा, "बाबू मशीन हाय." मग आणखी एक पाकीट आलं. नजर टाकली आणि मोठ्यानं म्हणालो, "मिळत नाही."

तोंडातून निघून गेलं, आणि मग डोळ्यांनी वाचलं.

अर्जावर माझी डाव्या हाताची सही. घोषणापत्रावर त्याची. काय अक्षर होतं त्या माणसाचं! सरळ रेघेत, प्रत्येक अक्षर सुटं, काना उभा, वेलांटी गोल. शाळेत पाटीवर गिरवून गिरवून बसलेलं अक्षर. माझ्या उजव्या हातापेक्षाही चांगलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

साहेबांनी दोन्ही कागद ओढून घेतले. भिंग लावून पाहिलं. म्हणाले, "बघा, अर्ज एखाद्या अडाण्यानं केलाय. घोषणापत्रावर मात्र शिकलेल्या माणसाचं अक्षर. म्हणजे हा चौकीदार ड्यूटीवर गेलेलाच नाही. दुसऱ्या कोणाला तरी बसवलं आपल्या जागी, आणि त्यानंच मतही दिलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमची नजर चांगली आहे हो."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "जी, साहेब."

तिथे सांगता आलं असतं. 'साहेब, अर्जावरची सही माझी.' पाच शब्दही लागले नसते. बाकावर माणसं होती हे खरं, पण माणसं काय खाणार होती? आज मी स्वतःलाच विचारतो तेव्हा माझा मीच संतापतो. माझी नोकरी पक्की होती. फार तर ठपका बसला असता, एखादी वेतनवाढ अडली असती, चार लोक हसले असते. 'घार' म्हणून मिरवणाऱ्याला 'कावळा' म्हणाले असते. एवढ्याला मी भ्यालो. त्याच्या लहान पाकिटावर 'नामंजूर' असं लिहिलं गेलं आणि ते न उघडताच गठ्ठ्यात बांधलं गेलं. सात सालाच्या नोकरीनंतर त्या माणसानं पहिल्यांदा दिलेलं मत कोणाला होतं, हे आजवर कोणाला कळलं नाही.

केंद्राच्या अध्यक्षाला विचारणा झाली. तो चांद्याचा शाळामास्तर. त्यानं लिहून पाठवलं की हुकुमाचा कागद पाहून माणूस ओळखला, चेहरा आठवत नाही. झालं, साहेबांचा संशय पक्का झाला. चौकीदाराला बोलावणं गेलं.

आठवड्याभरानं तो आला. दोन दिवस चालत. तोच खाकी कोट. कचेरीच्या ओसरीवर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाबूजी, पक्क्याचा कागद आला म्हणून बलावलं का?" त्याचा चेहरा असा खुलला होता की माझी नजर जमिनीवर गेली.

"साहेब सांगतील," मी म्हणालो.

काय झालंय ते तिथेच सांगितलं असतं तरी त्याला दाराशी पोचेपर्यंत विचार करायला वेळ मिळाला असता. तेवढंही माझ्यानं झालं नाही. मी पुढे झालो आणि दार उघडून धरलं.

साहेबांनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले, कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला आणि टाक दिला. "सही कर." त्यानं वाकून, जीभ दाताखाली धरून, सावकाश सही केली. तीच, सरळ रेघेतली. साहेब पाहतच राहिले.

"कुठं शिकलास?"

"चवथी पास हाय, सायेब. सिरोंच्याकडं शाळेत होतो. मास्तर लय मारे अक्षरासाठी."

"म्हणजे ड्यूटीवर तूच होतास. मत तूच दिलंस."

"हाव सायेब. म्याच."

साहेबांचा चेहरा थोडा निवळला. मलाही श्वास आला. वाटलं, सुटला. पण साहेब काटेकोर. त्यांनी अर्ज उचलला. अर्ज गठ्ठ्यानं त्यांच्यापुढे आलेले, कोणता कोणी आणला हे त्यांना ठाऊक नव्हतं. "मग ही कोणाची? सरकारी अर्जावर तुझ्या नावानं ही खोटी सही कोणी केली?"

त्यानं तो कागद पाहिला. माझी ती डाव्या हाताची करामत त्यानं पहिल्यांदाच पाहिली. अक्षरांवरून बोट फिरवलं. एवढ्या वाकड्या अक्षरात आपलं नाव कोणी काढलं आणि काऊन काढलं, हे त्याला तिथेच कळलं असणार. मग त्यानं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

रागानं नाही पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तो नुसता थांबला. दारात आलेला पाहुणा आपण 'बस' म्हणायची वाट पाहतो, तसा. मी साहेबांच्या खुर्चीमागे फाईल छातीशी धरून उभा होतो. मी फाईलची नाडी सोडली आणि परत बांधली. काखेत कळसा आणि गावाला वळसा चालला होता, आणि कळसा मूग गिळून उभा होता.

"बोल," साहेब म्हणाले. "कोणाकडून करवून घेतलीस?"

"म्या नाई करवून घेतली."

"मग कोणी केली?"

तो पुन्हा माझ्याकडे पाहू लागला. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. बाहेर चपराशी माठात पाणी ओतत होता.

"मले सांगता येत नाई, सायेब," तो म्हणाला.

साहेबांना वाटलं, हा कोणाला तरी पाठीशी घालतोय. ते खरंही होतं. पण त्यांना वाटलं, गावच्या कोणा साथीदाराला. म्हणाले, "सांगता येत नसेल तर परिणाम भोग. खोटी सही करवून घेणारा माणूस सरकारी डेपोवर नको." आणि मला म्हणाले, "जंगलखात्याला पत्र तयार करा."

ते पत्र मी लिहिलं. उजव्या हातानं, वळणदार अक्षरात. 'सदर इसमाने निवडणुकीच्या अर्जावर अन्य व्यक्तीकडून बनावट सही करवून घेतल्याचे निदर्शनास आले असून' वगैरे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, मी तर शिक्का मारून, जावक नंबर घालून बोंबललो.

लिहायला बसायच्या आधी ओसरीवर तो भेटला. निघाला नव्हता, खांबाशी उभा होता. मी म्हणालो, "मी पाहतो काही जमलं तर." हेही खोटंच.

तो म्हणाला, "म्या नाव घेतलं नाई, बाबूजी. मले वाटलं, तुमीच सांगान."

एवढंच म्हणून तो पायऱ्या उतरला. मी त्याला हाक मारली नाही. आत जाऊन चहा प्यालो. होय, प्यालो. त्या दिवशीही चहा घशाखाली उतरला, हे मी लपवणार नाही.

महिनाभरात कळलं की त्याचा पक्क्याचा कागद परत आला आणि डेपोवरूनही त्याला काढलं. मुन्शी एकदा कामाला आला होता, त्यानं सांगितलं. मुन्शीला सगळं ठाऊक होतं, त्यानंच तर ती सही पाहून हसून घेतलं होतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "जाऊ द्या बाबूजी, त्याचं नशीब." मी मान डोलावली. त्याच्या नशिबाचा कर्ता-करविता तिथेच खुर्चीवर बसला होता. पुढे माझी बढती झाली. घारीची नजर म्हणून कोणी बोललं की मी विषय बदलत असे, आणि लोकांना वाटे, किती विनयशील माणूस.

त्याला मी आणखी एकदा पाहिलं. दोनेक वर्षांनी. जमीनदारी गेल्यावर कोण कोणती जमीन वाहतो त्याच्या नोंदी चालल्या होत्या, आणि अहेरीच्या बाजूला एका गावात आमचा कँप लागला होता. मोहाच्या झाडाखाली टेबल, पुढे माणसांची रांग. एकेकानं यायचं, शेताचं नाव सांगायचं, रजिस्टरात सही नाहीतर अंगठा करायचा. अंगठा असला की शेजारी त्याचं नाव कारकुनानं लिहायचं, असा नियम.

दुपारी जेवणाच्या सुमारास मान वर केली तर पुढे तोच. कोट नव्हता, अंगावर बंडी. केस पिकले होते. त्यानं मला ओळखलं हे मला लगेच दिसलं. मला वाटलं, हा आता सगळ्या रांगेपुढे बोलेल. खरं सांगतो, बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त बांधीचं नाव सांगितलं, चतुःसीमा सांगितली, बैलजोडी किती ते सांगितलं. बापाची वाहती जमीन, त्याच्या नावावर चढायची होती. मी लिहून घेतलं आणि टाक त्याच्या पुढे केला.

त्यानं टाक घेतला नाही. हात शाईच्या गादीकडे नेला आणि अंगठा बुडवला.

"सही काऊन नाई करत तुमी?" मी विचारलं. त्याला मी पहिल्यांदाच 'तुमी' म्हणालो.

"सहीनं नौकरी गेली, बाबूजी," तो शांतपणे म्हणाला. "अंगठ्यानं जमीन तरी राहू द्या."

मागचा माणूस हसला. त्याला वाटलं, म्हातारा गंमत करून राह्यला. अंगठा रजिस्टरात उमटला, चांगला गडद, एकेक रेघ दिसेल असा. आता शेजारी नाव लिहायचं होतं. मला त्याला म्हणायचं होतं, माफ करा भाऊ, माझ्या हातून पाप झालं. रांग उभी होती, पटवारी शेजारी बसला होता, आणि मी पुन्हा रजिस्टराकडे वळलो. तीच जुनी खोड. मी टाक शाईत बुडवला आणि त्याचं नाव लिहिलं. अक्षरं नीट काढली, सरळ रेघेत, जमेल तितकी त्याच्यासारखी.

तो जायचा थांबला. टेबलावर वाकला आणि लिहिलेलं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं.

"माह्यासमोर लिवलं तं चांगलं अक्षर हाय तुमचं," तो म्हणाला.

मग धोतराच्या सोग्याला अंगठा पुसून तो रांगेबाहेर गेला, आणि मी पुढच्या माणसाला नाव विचारलं.